आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस

मित्रमैत्रिणींनो, आपल्या भित्तिपत्रकात आतापर्यंत शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक, सावित्रीबाई फुले आणि महात्मा गांधी यांच्यावर लेख आले. ते सगळे थोर आहेतच. पण आपल्याच जिल्ह्यात जन्मलेले एक डॉक्टर दूरच्या चीन देशात एवढे मोठे झाले की तिकडं त्यांचा पुतळा आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. त्यांचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. मी ही माहिती आमच्या गुरुजींकडून आणि शाळेच्या पेटीतल्या पुस्तकांतून मिळवली आहे. जमेल तशी लिहितो.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. सोलापूर आपल्याला काही लांब नाही. दुधनी स्टेशनातून गाडी निघाली की बोरोटी, नागणसूर, अक्कलकोट रोड, होटगी करत सोलापूर येतं. त्या वेळी देशावर इंग्रजांचं राज्य होतं. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं आणि हातमागांचं गाव होतं. सकाळी गिरणीचा भोंगा वाजला की कामगार कामाला निघत. त्या जुन्या मोठ्या गिरण्या आता बंद आहेत.

त्यांच्या वडिलांचे नाव शांताराम. घर मध्यम परिस्थितीचं होतं आणि माणसं भरपूर होती. द्वारकानाथांना दोन भाऊ आणि पाच बहिणी होत्या. म्हणजे सगळी मिळून आठ भावंडं. आमच्या घरी आम्ही तिघंच आहोत तरी एका चटणीवरून भांडणं होतात. आठ जणांच्या घरात काय होत असेल ते तुम्हीच समजून घ्या. अशा घरातून एका मुलाला मुंबईला ठेवून डॉक्टर करायचं म्हणजे आईवडिलांना किती काटकसर करावी लागली असेल.

द्वारकानाथ तरुण असताना सोलापुरात मोठी चळवळ झाली. १९३० साली मे महिन्यात महात्मा गांधींना अटक झाल्यावर सोलापूरचे लोक रस्त्यावर आले. इंग्रजांनी गोळीबार केला आणि शहरात मार्शल लॉ लावला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. सोलापूरला त्यांच्या नावाचा हुतात्मा चौक आहे. तेव्हा द्वारकानाथ वीस वर्षांचे होते. आपल्या गावच्या चौघांना फाशी झाली ही गोष्ट त्या वयाचा कोणीही मुलगा विसरणार नाही असं मला वाटतं.

ते मुंबईला सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकले. ते कॉलेज के.ई.एम. हॉस्पिटलला जोडलेलं आहे. तिथं शिकून ते डॉक्टर झाले. त्यांना पुढचं मोठं शिक्षण घ्यायचं होतं. पण मध्येच एक वेगळीच गोष्ट घडली.

१९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. चीनमध्ये फार माणसं मेली आणि जखमी झाली. जखमींना बघायला डॉक्टर पुरेनात. म्हणून चीनचे सेनापती झू द यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशातल्या लोकांना आवाहन केलं. लोकांनी वर्गणी दिली आणि २२,००० रुपये जमले. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता, गरीब होता. तरी दुसऱ्याच्या दुःखासाठी लोकांनी पैसे काढून दिले. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा वर्गात सगळे गप्प झाले होते.

पैशाबरोबर पाच डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका पाठवायचं ठरलं. पाच डॉक्टर असे : अलाहाबादचे डॉ. मदन अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस. डॉ. अटल हे सर्वांचे पुढारी होते.

डॉ. कोटणीसांनी आधी घरी विचारलं. घरच्यांना चीनची काहीच माहिती नव्हती. चिनी रेशीम विकायला फेरीवाले येतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. वडिलांनी त्यांना जायला प्रोत्साहन दिलं. आईला मात्र फार वाईट वाटलं. एवढ्या लांब आणि तेही लढाईच्या जागी मुलाला पाठवायचं म्हटल्यावर कुठल्याही आईला वाईट वाटणारच. आमचे काका कामाला पुण्याला जातात तर आज्जी स्टेशनवर पदर डोळ्याला लावते. पुणं तर रातोरात येतं.

सप्टेंबर १९३८ च्या सुरुवातीला पाचही डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. तेव्हा डॉ. कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेसुद्धा पुरे झाले नव्हते. ते चीनला पोचले आणि तिथल्या वेगवेगळ्या शहरांतल्या इस्पितळांत त्यांनी काम सुरू केलं. वरून बॉम्ब पडत होते. पुढे चुंगकिंग नावाच्या शहरात असताना त्यांना घरून बातमी आली की वडील वारले.

इथं मला थोडं थांबून लिहायचं आहे. बरोबरच्या डॉक्टरांनी त्यांना घरी परत जायला सांगितलं. पण ते गेले नाहीत. घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय परतायचं नाही असं त्यांनी ठरवलं. मी हे घरी सांगितलं तेव्हा आमच्या आज्जीला पटलं नाही. बाप गेल्यावर मुलानं यायलाच पाहिजे, आईला कोण धीर देणार, असं तिचं म्हणणं. अव्वा म्हणाली की तिथंही कितीतरी आयांची मुलं जखमी होऊन पडली होती, त्यांना सोडून कसं यायचं. अप्पा काहीच बोलले नाहीत. मी पुष्कळ विचार केला. तेव्हा आतासारखे मोबाईल नव्हते. बातमी पोचेपर्यंतच सगळे विधी होऊन गेले असतील. ते आले असते तर वडील दिसले नसते, आणि तिकडचे जखमी तसेच राहिले असते. म्हणून मला अव्वाचं म्हणणं पटतं. पण आज्जीचंही सगळं खोटं नाही. सोलापुरात त्यांची आई वाट बघत होती, हे पण खरं आहे.

नंतर १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनान या गावी पोचले. तिथं माओ त्से तुंग आणि सेनापती झू द यांनी त्यांचं स्वागत केलं. येनानला लोक डोंगरात कोरलेल्या गुहेसारख्या घरांत राहत. इस्पितळही तसंच होतं. थंडी एवढी की आपल्याकडच्या माणसाला सोसणार नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात डांबर वितळतं. तिकडं हिवाळ्यात पाणी गोठतं.

तिथं दुसरी मोठी अडचण भाषेची होती. जखमी सैनिक काय सांगतो ते डॉक्टरला समजलं नाही तर औषध काय देणार? डॉ. कोटणीस चिनी भाषा शिकू लागले. ती बोलायला अवघड आणि लिहायला तर त्याहून अवघड. तिच्यात आपल्यासारखी बाराखडी नाही, चित्रांसारखी हजारो अक्षरं आहेत. तरी ते बोलायला शिकले, थोडं लिहायलाही शिकले आणि नंतर तिथल्या विद्यार्थ्यांना चिनी भाषेतूनच शिकवू लागले. ही गोष्ट मला फार आवडते. आपल्या दुधनीत पुष्कळ घरांत कानडी बोलतात. आमच्याही घरी कानडीच. मी पहिलीत आलो तेव्हा मला मराठी येत नव्हतं. गुरुजी फळा म्हणाले की मी दुसरीकडंच बघत होतो. आता मी मराठीत लेख लिहितो आहे. माझ्यासारखी जी पहिलीतली मुलं अजून घाबरून मागं बसतात, त्यांना मी सांगतो की मोठे डॉक्टरसुद्धा अठ्ठाविसाव्या वर्षी नवी भाषा पहिल्यापासून शिकले.

चिनी लोकांनी त्यांना चिनी नाव दिलं. ते नाव के दीहुआ. हुआ म्हणजे चीन.

मग डॉ. कोटणीस लढाईच्या अगदी जवळ, उत्तर चीनच्या डोंगराळ भागात गेले. तिथं एका जागी पक्कं इस्पितळ ठेवता येत नसे. सैन्य पुढं गेलं की डॉक्टर पुढं, सैन्य मागं आलं की डॉक्टर मागं. १९४० साली एक मोठी लढाई बरेच दिवस चालली. तेव्हा त्यांनी ७२ तास न झोपता ऑपरेशनं केली. ७२ तास म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री. त्या लढाईत त्यांनी ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले. मी गड्ड्याच्या जत्रेला एक रात्र जागलो होतो तर दुसऱ्या दिवशी जेवताना ताटावरच झोप लागली. आणि त्यांना तर हातात चाकू धरून माणसाचा जीव वाचवायचा होता. झोपेत हात जरा इकडंतिकडं होऊन चालत नाही.

त्याच भागात त्यांच्या आधी कॅनडा देशातून आलेले डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करत होते. ऑपरेशन करताना त्यांचं बोट कापलं. त्या जखमेतून रक्तात विष पसरलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. त्यांच्या नावाने तिथं एक इस्पितळ चालवलं जाई. १९४१ साली डॉ. कोटणीस त्या इस्पितळाचे प्रमुख झाले. सोलापूरचा माणूस चीनमधल्या इस्पितळाचा प्रमुख झाला ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. ते इस्पितळात काम करत, विद्यार्थ्यांना शिकवत आणि शस्त्रक्रियेवर पुस्तकही लिहीत.

डॉ. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख गुओ चिंगलान नावाच्या परिचारिकेशी झाली होती. हा हिंदुस्थानी डॉक्टर चिनी बोलतो याचं तिला आश्चर्य वाटलं. १९४१ साली त्या दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव इनहुआ ठेवलं. इन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. एका छोट्या बाळाच्या नावात दोन देश बसले. एवढं चांगलं नाव मी दुसरं ऐकलं नाही.

आता दुःखाचा भाग येतो. डॉ. कोटणीसांना फीट येण्याचा आजार झाला होता. आपल्याकडं त्याला कोणी फेफरं म्हणतात, कोणी आकडी म्हणतात. डॉक्टर लोक अपस्मार म्हणतात. कामाचा ताण, कमी झोप आणि तिकडचं कष्टाचं जगणं. तरी ते काम सोडून बसले नाहीत. शेवटी लागोपाठ झटके आले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचं निधन झालं. तेव्हा ते फक्त बत्तीस वर्षांचे होते. बाळ साडेतीन महिन्यांचं होतं.

हा भाग वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण हाच आजार आमच्या अक्काला आहे. ती आठवीत आहे. मागच्या वर्षी तिला वर्गात फीट आली. मुलामुलींनी गर्दी केली. कोणी कांदा आणायला धावलं, कोणी चप्पल नाकाला लावली, कोणी दातात चमचा घालायला बघितलं. नंतर काही जणी तिच्या शेजारी बसेनात. तिला नाव पाडलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. अक्का पंधरा दिवस शाळेत गेली नाही. घरात पण आज्जी म्हणत होती की पोरीला आता घरीच ठेवा, बाहेर कुठं पडलीबिडली तर काय करायचं.

म्हणून मी घरी सगळ्यांना सांगितलं की डॉ. कोटणीसांनाही हाच आजार होता, आणि तरी ते इस्पितळाचे प्रमुख होते, ऑपरेशन करत होते, शिकवत होते, पुस्तक लिहीत होते. आज्जी लगेच म्हणाली की अरे पण ते त्यातच गेले ना. मला उत्तर आलं नाही. मी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले की तिथं लढाई चालू होती, शत्रूने वाटा अडवल्या होत्या, औषधांचा फार तुटवडा होता आणि डॉक्टर स्वतः विश्रांती घेत नव्हते. आता तसं नाही. आता या आजारावर चांगल्या गोळ्या आहेत. त्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज न चुकवता घेतल्या आणि वेळेवर झोप घेतली तर पुष्कळ जणांचे झटके थांबतात. अप्पा अक्काला सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. ती आता रोज रात्री गोळी घेते. दिवाळीपासून तिला एकदाही फीट आली नाही. पुढच्या वर्षी तिला नववीला पाठवायचं की नाही हे अजून घरी ठरलेलं नाही. मी हा लेख लिहिल्यावर पहिल्यांदा आज्जीला वाचून दाखवणार आहे.

डॉ. कोटणीसांना तिथल्या एका खेड्यात पुरलं. माओ त्से तुंग यांनी शोक व्यक्त केला. पुढे शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांच्या उद्यानात त्यांची समाधी आणि पुतळा उभारला. तिथं डॉ. बेथ्यून यांचीही समाधी आहे. चिनी लोक तिथं जाऊन फुलं वाहतात. चीन सरकारने आणि भारत सरकारनेही त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

पाच डॉक्टर गेले होते. चौघे परत आले. म्हणून ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच असा आहे की एक जण परत आला नाही. त्यावरून १९४६ साली व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटनीस की अमर कहानी हा हिंदी सिनेमा काढला. त्यात डॉ. कोटणीसांचं काम त्यांनी स्वतःच केलं.

त्यांचा मुलगा इनहुआ मोठा होऊन वडिलांसारखाच डॉक्टर व्हायला शिकत होता. पण १९६७ साली शिक्षण पुरं व्हायच्या आतच तोही वारला. गुओ चिंगलान बाई मात्र खूप वर्षं जगल्या. त्या भारतातही आल्या. सासरच्या माणसांशी त्यांनी नातं ठेवलं. चीनचे मोठे पाहुणे भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना आठवणीने भेटत. २०१२ साली गुओ चिंगलान बाईंचं निधन झालं. तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या. सोलापुरात भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. सोलापूरला दवाखान्याला किंवा बाजाराला गेलात तर आईवडिलांना सांगून ते जरूर बघून या.

डॉ. कोटणीसांच्या चरित्रातून मी तीन गोष्टी शिकलो. पहिली, दुसऱ्या देशाचा माणूस जखमी असला तरी त्याचं दुःख आपल्यासारखंच असतं. दुसरी, भाषा येत नाही म्हणून मागं बसायचं नाही, ती शिकायची. तिसरी, आजार असलेला माणूस पण मोठं काम करू शकतो. त्याला हसणारा मात्र लहानच राहतो.

शेवटी एक काम सांगतो. आपल्या शाळेत किंवा रस्त्यात कोणाला फीट आली तर गर्दी करू नका. कांदा, चप्पल, लोखंड काही लावू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी घालू नका. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचे दगड, बाक बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा आणि त्याला एका कुशीवर वळवा. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर मोठ्या माणसांना बोलावून लगेच दवाखान्यात न्या. आणि ते माणूस उठल्यावर त्याला नाव पाडू नका. नेहमीसारखं त्याच्या शेजारी बसा.

अशा या थोर डॉक्टरांना माझे वंदन.

इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, दुधनी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर